चार हातांची वीत

राहात्यापासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात गोधड्या शिवणाऱ्या बायांचं एक मंडळ होतं, आणि ते आपल्या ओट्याच्या कृपेने चालतं असा दमयंतीबाईंचा ठाम समज होता. समज अगदीच निराधार नव्हता. ओटा त्यांचा होता, सावली त्यांच्या कडुनिंबाची होती आणि चारचा चहाही त्यांचाच होता. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आपण कोणावर तरी उपकार करतोय असं वाटत राहणं तब्येतीला बरं असतं.

मंडळ म्हणजे बाया चार. गोधडीला बाजू चार, म्हणून बाया चार. मनकर्णाबाई म्होरक्या. घरी सहा एकर बागायत आणि तीन म्हशी, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. कुठला रंग कुठे लावायचा हे त्या ठरवायच्या आणि ते आपणच ठरवलं असं बाकीच्यांना वाटू द्यायच्या. दुसऱ्या बाजूला त्यांची सून रुपाली. तिसऱ्या बाजूला सत्तरी ओलांडलेल्या भागूबाई. त्यांचा टाका म्हणजे रांगेत मांडलेले तांदळाचे दाणे. आणि चौथ्या बाजूला, भिंतीला टेकून, दमयंतीबाई. भिंत गुडघ्यांमुळे.

दमयंतीबाईंचे यजमान, नारायण सर, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सर गेल्यावर दोन महिन्यांनी या बाया आपल्या ओट्यावर बसू लागल्या आणि आपण मोठ्या मनाने बसू दिलं, अशी दमयंतीबाईंच्या आठवणीत नोंद होती. पुढे त्यांनी सुई हातात घेतली, टाके घातले, आणि गोधडी पुरी झाल्यावर आपली बाजू पाहून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. इतक्या उशिरा शिकूनही हात सरळ चालतो म्हणजे काय. पुण्याच्या मुलाला, अनीशला, त्यांनी फोटोही पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

मग मार्च महिना आला आणि गाव बंद झालं. वेशीपाशी बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला. विषाणूला काटा टोचेल अशी अपेक्षा असावी. ग्रामपंचायतीचा कर्णा सकाळ-संध्याकाळ बजावू लागला: ओट्यावर, पारावर, चौकात कोणी बसू नये. ओट्याचं नाव पहिलं घेतल्यामुळे दमयंतीबाईंना तो आदेश खास आपल्यावर काढल्यासारखा वाटला. अनीशने फोन करून दारसुद्धा उघडायचं नाही म्हणून सांगितलं. पहिला आठवडा त्या रेडिओशी बोलल्या. दुसऱ्या आठवड्यात कुकरशी. कुकर निदान उत्तर तरी द्यायचा.

रुपाली शिमग्याला चार दिवस म्हणून माहेरी अकोल्याकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. पाचवा महिना होता. तिचा नवरा ज्ञानेश्वर दूध संकलनाचा टेम्पो चालवायचा. दुधाला पास होता, सुनेला नव्हता. पण मोबाईलमधलं त्याला कळायचं. त्याने एक दिवस आईच्या, भागूबाईंच्या, दमयंतीबाईंच्या आणि रुपालीच्या फोनची एकत्र मोट बांधली. रोज दुपारी दोनला चौघी बोलू लागल्या.

"ऐकू येतंय का?" मनकर्णाबाईंनी विचारलं. साडेतीन तालुके ओलांडून हाक मारायची तसा त्यांचा आवाज होता.

"येतंय," भागूबाई म्हणाल्या. "पन माझी कोंबडी मधीच वरडतीया."

"तिला गप करा."

"अंडं देतीया. तिला काय लॉकडाऊन न्हाई."

रुपालीला रेंजसाठी चिंचेखाली जावं लागायचं, त्यामुळे तिच्या फोनमधून वारा बोलायचा. मनकर्णाबाईंच्या फोनमधून म्हैस. दमयंतीबाईंच्या घरातून काहीच यायचं नाही. एकदा भागूबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं लई शांत हाय हो." त्यानंतर दमयंतीबाई दोन वाजले की पंखा लावू लागल्या. तो किरकिरायचा. बरं दिसायचं.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी हुकूम सोडला. नुसती तोंडं चालवायची नाहीत, गोधडी शिवायची. बाळंतिणीची. एकत्र बसता येत नाही तर प्रत्येकीने घरी पाव गोधडी शिवायची आणि मग चारही पाव जोडायचे.

"कुनाच्या बाळंतिणीची?" रुपालीने चिंचेखालून विचारलं.

"हाय एक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

जन्मायच्या आधी बाळाचं काही करू नये, आईने तर नाहीच नाही. त्यामुळे रुपालीला काही माहीत नव्हतं असं ठरलं. तिला माहीत होतं हे सगळ्यांना माहीत होतं. चौघींनी हे अज्ञान चार महिने नीट सांभाळलं. शिवाय भागूबाईंची एक अट होती. गोधडीच्या काठाची शेवटची ओळ पोर जन्मल्याशिवाय घालायची नाही, बंद गोधडीत पोर अडतं. असं त्यांच्या आजीचं म्हणणं होतं, आणि आजीला अकरा पोरं होती, म्हणजे अनुभव होता.

"माप काय?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"एकेक पाव चार वीत लांब, चार वीत रुंद," मनकर्णाबाई म्हणाल्या. चौघींनी हो म्हटलं.

दमयंतीबाईंनी जुन्या सुती साड्या काढल्या, थर लावले आणि टाके घालायला बसल्या. पंधरा दिवसांनी पाव गोधडी होत आली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली आणि धरूनच राहिल्या. पावसात सापडलेल्या मुंग्यांची रांग असावी तसे टाके होते. एक बोटभर, एक नखभर, मध्येच एक वाट चुकून शेजारच्या ओळीत.

सवय गेली असेल, असं त्यांना वाटलं. ताडून बघायला त्यांनी पलंगावरची गेल्या वर्षीची गोधडी ओढली आणि आपली बाजू काढली. तांदळाचे दाणे. एकसारखे. त्यांनी चष्मा पुसला, गोधडी खिडकीशी नेली. दाण्यांच्या आजूबाजूला कापडात बारीक रिकामी भोकं होती, सुईची. एक बोटभर अंतरावर, एक नखभर, आणि एक शेजारच्या ओळीत.

एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला खोडून पुन्हा लिहिलेलं ओळखायला वेळ लागत नाही. कोणीतरी त्यांचा प्रत्येक टाका उसवला होता आणि नव्याने घातला होता. आख्खी बाजू.

दुसऱ्या दिवशी दोनला फोन वाजला, त्यांनी उचलला नाही. पंखाही लावला नाही. म्हणजे असं होतं तर. टाका कामाचा नव्हता, ओटा कामाचा होता. ओट्यासाठी बाईंचं लाडाने चालवून घेतलं. आता ओटाच बंद, मग फोन तरी कशाला करतात, सवय म्हणून? तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वर दूध द्यायला आला तेव्हा त्यांनी नेटवर्क नाही असं सांगितलं. त्यांच्या घरापासून तीन पावलांवर मोबाईलचा टॉवर होता. ज्ञानेश्वरने टॉवरकडे बघितलं आणि बरं म्हणाला.

चौथ्या दिवशी दोन वाजता दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भागूबाई बसल्या होत्या. नाकातोंडावर पोलक्याच्या कापडाचा मास्क, मांडीवर पदरात बांधलेली चार अंडी.

"भागूबाई, साठीच्या वरच्यांनी बाहेर पडायचं नाही. कर्ण्यावर सांगितलंय."

"मला कमी ऐकू येतं," भागूबाई म्हणाल्या. "तुमचं नेटवर्क बघाय आले."

दमयंतीबाई चौकटीतच उभ्या राहिल्या. आडवळणाने बोलणं त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"माझे टाके कोण उसवायचं?"

भागूबाईंनी अंडी एकेक करून ओट्यावर मांडली, गडगडणार नाहीत अशी.

"मीच की. मनकर्णाला बारीक दिसत न्हाई."

"कधी?"

"तुमी चहा ठेवाय आत जायच्या तवा. तुमचा चहा लई उकळतो, बाई. दोन ओळी आरामात व्हायच्या."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुमी आत जाऊन बसल्या असत्या. पुस्तक घिऊन."

"म्हणजे ओट्यासाठी मला सांभाळून घेतलंत."

भागूबाई मास्कच्या आतून हसल्या असाव्यात. कापड हललं.

"ओटा? अवो, मारुतीच्या देवळाचा ओटा हाय की. फरशी हाय, पंखा हाय. वीस वरसं आमी तितंच बसत हुतो. सर गेले, तुमी दार लावून घेतलं. दोन म्हैने. दुधाची पिशवी कडीला लटकायची, दुसऱ्या दिशी तिथंच. मनकर्णा म्हनली, चला, बाईंच्या दारात बसू. तीन बाया बडबडाय लागल्या का मानूस दार उघडतंच. गप बसा म्हनाय का व्हईना."

दमयंतीबाईंना आठवलं. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं होतं ते खरोखर "जरा हळू बोला" एवढंच म्हणायला. मग भागूबाईंनी सुईत दोरा ओवून मागितला होता. डोळ्यांना दिसत नाही म्हणून. तांदळाच्या दाण्यासारखे टाके घालणाऱ्या बाईला.

"माझी जाऊ वारल्यापसनं चौथी बाजू रिकामीच हुती," भागूबाई उठत म्हणाल्या. "उद्या फोन उचला. मनकर्णा डोकं खातीया माझं."

त्या गेल्यावर दमयंतीबाईंनी अंडी एकेक करून आत नेली. ज्या ओट्याचा इतके दिवस त्यांनी मोठेपणा मिरवला, त्यावर तीन बाया फरशी आणि पंखा सोडून उन्हाच्या झळा खात बसल्या होत्या. चहा मात्र त्यांनी गोड मानून घेतला होता. आभार कसे मानायचे हे त्यांनी मुलांना निबंधात शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी एक वाजून पंचावन्न मिनिटांनीच पंखा लावला.

जूनमध्ये रस्ते थोडे मोकळे झाले आणि चारही पाव दमयंतीबाईंकडे जमा झाले. त्या एकट्या राहतात, म्हणजे घर सगळ्यात निर्जंतुक, असा मनकर्णाबाईंचा हिशेब. रुपालीचा पाव भाजीच्या जीपमधून संगमनेरला आणि तिथून दुधाच्या टेम्पोत बसून आला. बाईंनी तो दोन दिवस उन्हात ठेवला आणि मग चारही जमिनीवर मांडले.

ते एकमेकांना लागेनात.

मनकर्णाबाईंचा पंजा म्हणजे फावडं. त्यांची वीत दहा इंच. भागूबाईंची सात. रुपालीची आठ. आणि दमयंतीबाईंनी पुस्तकात नऊ इंच म्हणजे एक वीत असं शिकवलं होतं म्हणून टेपने मोजून छत्तीस इंच शिवलं होतं. चौघींची चूक होती, पण त्यांची शास्त्रशुद्ध होती.

"किती फरक हाय?" मनकर्णाबाईंनी फोनवर विचारलं.

"तुमचा आणि भागूबाईंचा एक फूट."

उत्तर आधी म्हशीने दिलं.

"हात बारीक म्हून काय मी गोदडी बारीक शिवली का," भागूबाई म्हणाल्या. "सांगितलं ते केलं."

"आता पट्ट्या घाला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाई, तुमीच जोडा. तितं दुसरं कोन हाय."

दुसरं कोणी नव्हतं. उसवायलाही कोणी नव्हतं. दमयंतीबाईंनी शाळेतली निळी, पांढऱ्या ठिपक्यांची साडी काढली. तालुक्यातली निम्मी माणसं लहानपणी त्या साडीला बघून पाढे विसरली होती. तिच्या लांब पट्ट्या फाडून त्यांनी भागूबाईंच्या पावाभोवती रुंद, रुपालीच्या पावाभोवती अरुंद, स्वतःच्याला बोटभर अशा लावल्या. जोडाचा प्रत्येक टाका त्यांचाच होता. मुंग्या आता चारही दिशांना निघाल्या. काठाची शेवटची ओळ तेवढी सोडली.

आषाढात एका सकाळी ज्ञानेश्वरचा टेम्पो दारात येऊन थांबला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि त्याला पुढे अकोल्याला जायचं होतं. मागोमाग मनकर्णाबाई आणि भागूबाई आल्या. भागूबाई पायरीवर बसल्या, सुई काढली आणि गोधडी उलगडून बघू लागल्या. जोडावरून त्यांचं बोट फिरलं, थांबलं, शेजारच्या ओळीत गेलं, परत आलं.

"उसवा हवं तर," दमयंतीबाई म्हणाल्या. "मी चहा ठेवते."

"चहा नगं," भागूबाई म्हणाल्या. "टेम्पो हुभा हाय."

तिघी आपापल्या बाजूला बसल्या, तीन-तीन हात अंतर ठेवून. मोठ्या गोधडीचा हाच एक फायदा. शेवटची ओळ घातली, रुपालीच्या बाजूची मनकर्णाबाईंनी घातली. भागूबाईंना पुढचे दात नव्हते, तरी त्यांनी दोरा दाढेने तोडला. गोधडी दुधाच्या कॅनच्या मध्ये बसून गेली.

दोन दिवसांनी दोन वाजता फोन वाजला. चिंचेखालचा वारा नव्हता. रुपाली आता घरातून बोलत होती, रेंज कशीबशी होती, आणि मध्येच एक नवाच आवाज किरकिरत होता. दमयंतीबाईंनी उठून पंखा बंद केला.

"बाई, निळ्या पट्टीवरच निजते ही," रुपाली म्हणाली. "दुसरीकडं ठिवली की रडती. टाके बोटाला लागत्यात ना तिथं, ते चाचपीत बसती."

"उंचसखल आहेत ते," दमयंतीबाई म्हणाल्या.

"व्हय. म्हनूनच."

श्रावणात कर्णा बंद झाला. दमयंतीबाईंनी ओटा धुतला आणि दूरदूर तीन पोती अंथरली. मनकर्णाबाईंनी जुन्या साड्यांचं गाठोडं सोडलं.

"माप काय घ्यायचं?" त्यांनी विचारलं. हुकूम सोडायच्या आवाजात त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

भागूबाई सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या खेपेला बाईंच्या हाताची वीत घेऊ. लई मोठी न्हाई, लई बारकी न्हाई."

दमयंतीबाईंनी टेपकडे हात नेला आणि परत आणला. मग त्यांनी पंजा कापडावर ठेवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला. किती इंच ते त्यांना माहीत नव्हतं. चौसष्ट वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"एक," मनकर्णाबाई मोजू लागल्या.