मिठाची गुळणी

मी एक जुनी काचेची टाकी आहे. पाच काचा, चार कोपरे आणि डाव्या वरच्या कडेला एक टवका. माझ्यात दोनशे लिटर पाणी मावते. मित्रांनो, विहीर पाणी देते, घागर पाणी देते. मी मात्र पाणी कोंडून ठेवते. त्याचसाठी मला बनवले आहे. पण पाण्याखेरीज मी आणखी एक गोष्ट बावीस वर्षे कोंडून ठेवली होती. तिचीच ही हकीकत आहे.

हार्लिंगन बंदरातल्या एका कारागिराने मला घडवले. काचा कापल्या, कडा घासल्या, सांध्यांत सिलिकॉन भरला आणि तो पुरता सुकेपर्यंत कोणाला बोट लावू दिले नाही. "घाई केलीत तर जन्मभर गळत राहील," असे तो गिऱ्हाइकांना बजावायचा. मला न्यायला आलेला वीबे मात्र जन्माचाच घायकुता होता. ऱ्हाइन नदीवर खडी वाहून नेणाऱ्या बोटीवर तो कामाला होता. त्या खेपेला त्याला दोनच दिवसांची सुट्टी होती आणि तेवढ्यात त्याला आपल्या सात वर्षांच्या मुलीला, नीन्केला, समुद्र दाखवायचा होता, तोही घरात. मला दारातून आत नेताना त्याने चौकटीवर आपटले. टवका तेव्हाचा आहे.

शनिवारी सकाळी मी घरात आले, दुपारी माझ्यात पाणी आणि मीठ पडले, आणि दिवे लागायच्या आत तीन नारिंगी पट्टेरी मासेही आले. नीन्के माझ्या काचेला नाक लावून बसली. तिने त्यांची नावे ठेवली: कॅप्टन, लोणी आणि बटण. वीबे तिच्याकडे बघत होता. तो चेहरा बघण्यासाठीच त्याने सगळी धावपळ केली होती, हे मला मान्य आहे. सोमवारी तो बोटीवर निघून गेला.

मासा जिथे राहतो तिथेच घाण करतो, आणि त्या घाणीचे विष होते. ते विष खाणारे जिवाणू असतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दुकानातून आणल्या दिवशी कामाला लागत नाहीत. नव्या पाण्यात त्यांची वस्ती व्हायला कित्येक आठवडे लागतात. माझ्यात ती वस्ती नव्हतीच. बुधवारी कॅप्टन पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागला. शुक्रवारी तिघेही गेले. माझ्या पाण्यात काय चालले होते ते मला कळत होते, पण सांगणार कसे? काचेला तोंड नसते.

फोन माझ्या शेजारच्या टेबलावर होता. वीबेचा आवाज मुळातच मोठा. जर्मनीतल्या कुठल्याशा धक्क्यावरून तो ओरडला, "खायला जास्त घातलं असशील! दुसरं कोण होतं तिथे?"

नीन्के हळूच म्हणाली, "हो बाबा." मग फोन ठेवून तिने माझ्या काचेवर हात ठेवला आणि माझी माफी मागितली. तिने दिवसाला फक्त एक चिमूट घातली होती. मी मोजली होती.

त्यानंतर मला कोठीत टाकले. माझ्यात आधी डेलियाचे कंद ठेवले, मग कांदे, मग तुटके दिवे. एका कोळ्याने माझ्या कोपऱ्यात संसार थाटला. लोक म्हणतात, मोकळे व्हावे. मी बावीस वर्षे पाण्याविना रिकामी होते, पण मोकळी कधीच नव्हते. ते "हो बाबा" माझ्यात तसेच साचून राहिले होते.

मग एका नोव्हेंबरात वीबे सायकलवरून पुलाच्या बर्फाळ उतारावर घसरला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. आता तो म्हातारा होता, बायको गेलेली, घर लहानसे. डॉक्टरांनी बजावले, सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही. ज्याने उभे आयुष्य पाण्यावर फिरून काढले, त्याला खिडकीपाशी एका खुर्चीत जखडून टाकले. नीन्के बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर काम करायची. ती त्याच्याकडे राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने मला कोठीतून ओढून बाहेर काढले.

"बाबा, तुम्हाला बघायला काहीतरी हवं," ती म्हणाली. मग मला पुसता पुसता, कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाली, "या वेळी एकही मरू द्यायचा नाही."

तिची ती ओळ ऐकून मला उमगले. तिच्या हातून एखादा जीव जगतो का, याचीच ती परीक्षा होती, आणि ती माझ्यात व्हायची होती.

या वेळी तिने काहीच घाईने केले नाही. शुद्ध पाणी आणले, मीठ वजन करून विरघळवले, बोटीवरच्या एका सोबत्याने दिलेले खडक रचले, पंप लावला, आणि गाळणीत एक स्पंज बसवला. मासे नाहीतच. शेवटी तिने एक कोळंबी आणली आणि माझ्यात टाकली.

"अगं, हे काय?" वीबे खुर्चीतून ओरडला. "सोललेली कोळंबी?"

"कुजायला टाकलीय."

"हार्लिंगनमध्ये राहून कोळंबी कुजायला घालतेस? तुझ्या आजीला कळलं असतं तर तिने तुला धक्क्यावरून ढकललं असतं!"

"कुजली की विष होईल, विष झालं की ते खाणारे जिवाणू येतील. पहिलं विष खातात ते त्याचं दुसरं विष करतात. मग ते खाणारे दुसरे येतात. दोन्ही विषं शून्यावर आली की मासे आणायचे. सहा आठवडे तरी लागतील."

"म्हणजे सहा आठवडे मी पाणी बघत बसू?"

"तुम्हाला तरी कुठे जायचंय?"

आम्ही दोघे समोरासमोर अडकलो. सुरुवातीला तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. मग नीन्केने पाणी तपासायचे काम त्याच्यावर सोपवले. रोज सकाळी तो दोन नळ्यांत माझे पाणी घेई आणि त्यांत थेंब टाकी. पहिली नळी हिरवी झाली की पहिले विष. दुसरी गुलाबी झाली की दुसरे. बोटीवरच्या एका उरलेल्या नोंदवहीत तो लिही, "पाणी हिरवे. वारा पश्चिमेचा. पाय ठणकतो." नीन्केचे पुस्तकही तो वाचू लागला. एके सकाळी एका पानावर तो फार वेळ थांबला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या टवक्याकडेही पाहिले. ते तिघे कशाने गेले ते त्याला कळले होते. मला वाटले, आता बोलेल. तो मिठाची गुळणी धरून बसला. मी तर ती खरोखरच धरून होते.

वीबेची मोठी बहीण गेस्के दर मंगळवारी कॉफीला यायची. त्या घरात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळते, आणि मग डब्याचे झाकण बंद होते, हा सगळ्या गावाचाच रिवाज आहे. नीन्के मात्र त्या एकाचेही दोन तुकडे करायची. पाखरांना दाणे घालायची तेही चहाच्या चमच्याने मोजून.

"आणि तुझं मांजर?" गेस्के म्हणायची. "इतकं वाळलंय की ते कुंपणाच्या फटीतून नाही जात, तारेवरून चालतं. किती चिक्कूपणा करावा माणसाने!"

नीन्के हसून घ्यायची. वीबे हसत नसे.

चौथ्या आठवड्यात हिरवा रंग जाऊन पिवळा आला, म्हणजे पहिले विष संपले. गुलाबीही फिका होत चालला. पण माझ्या खडकांवर तपकिरी थर चढला. नव्या पाण्यात तो येतोच, आणि आपोआप जातो. वीबेला ते बघवेना. त्या गावची माणसे रस्त्यावरच्या विटासुद्धा घासतात. नीन्के कामावर होती. तो गेस्केला म्हणाला, "ताई, गंज चढलाय बघ. निदान तो स्पंज तरी धू." गेस्केने रबरी हातमोजे घातले आणि स्पंज असा धुतला की तो विकत आणल्यासारखा दिसू लागला. त्यात माझ्या जिवाणूंची निम्मी वस्ती होती. ती सगळी मोरीतून वाहून गेली.

दोन दिवसांत पाणी पुन्हा गुलाबी झाले. नीन्केने नळी खिडकीकडे धरून बघितली आणि तिचे खांदे पडले. "माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "कोळंबी मोठी झाली असेल. माझा हातच तसला आहे."

वीबेने तोंड उघडले. तोवर पुस्तकातले स्पंजाचे पानही त्याने वाचलेले होते. त्याने तोंड मिटले आणि वहीत लिहिले, "गुलाबी."

मित्रांनो, तेव्हा मला फुटून जावेसे वाटले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तिथे घरोघरी शौचालयाच्या दारावर वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले असते. त्यात साल नसते, वार नसतो, फक्त तारखा आणि नावे. ते वर्षानुवर्षे तेच चालते. बसल्या बसल्या माणूस वाचतो आणि कोणाचा वाढदिवस विसरत नाही. टाकी सुरू केली त्या दिवशी नीन्केने सहा आठवडे मोजून त्या कॅलेंडरात जानेवारीच्या एका तारखेला लिहिले होते, "मासे." तो नुसता अंदाज होता. पण गेस्केने ते वाचले होते, आणि कॅलेंडरातला वाढदिवस चुकवणे म्हणजे तिच्या लेखी पाप.

त्या शनिवारी सकाळी ती गुलाबी साखरेचा थर दिलेला ओरान्यकूक, म्हणजे तिथला सणावाराचा केक, घेऊन दारात हजर झाली. तिथे वाढदिवसाला घरातल्या सगळ्यांचेच अभिनंदन करतात, म्हणून आधी तिने वीबेच्या गालांचे तीन मुके घेतले. "अभिनंदन वीबे, तुझ्या माशांबद्दल! अभिनंदन नीन्के, बाबांच्या माशांबद्दल!" मग तिने मलाही थोपटले. आयुष्यात पहिल्यांदा माझे कोणी अभिनंदन केले, तेही चुकीच्या दिवशी. आणि मग तिने कोटाच्या आत, पोटाशी ऊब देऊन आणलेली पिशवी बाहेर काढली. पिशवीत दोन नारिंगी मासे होते.

"आत्या!" नीन्के पांढरी पडली. "अजून नाही झालं पाणी."

"कॅलेंडरावर लिहिलंय की! मी फ्रानेकरच्या दुकानात जाऊन आणले."

नीन्केने पुन्हा नळी भरली. फिका गुलाबी. तिने पिशवीकडे पाहिले, मग आत्याच्या पडत चाललेल्या चेहऱ्याकडे. "थोडंसंच आहे," ती पुटपुटली. "कदाचित जगतील."

"जगतील की!" गेस्केने पिशवी माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि कात्री उचलली. "या वेळी खायला मी घालणार. मागच्यासारखं नको व्हायला."

नीन्केची मान खाली गेली. आतले दोन मासे प्लास्टिकला धडका देत होते. ते पिशवीत कोंडलेले, पिशवी माझ्यात, आणि मी मुकी. आता फक्त एकाच माणसाला बोलता येणार होते.

"कात्री खाली ठेव, ताई."

वीबे उभा राहिला होता. एका पायावर, माझ्या टवक्याच्या कडेला घट्ट धरून.

"बाबा, बसा! पाय!"

"बसलो तर बोलणं होणार नाही." त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ते तिघे खाण्याने नाही मेले. मी मारले. दोन दिवसांत समुद्र उरकायला निघालो होतो. आणि फोनवर सगळं तुझ्यावर ढकललं. सात वर्षांची होतीस गं तू." त्याने श्वास घेतला. "या वेळचा स्पंजही मीच. ताईला मीच धुवायला लावला. तू कोळंबीला बोल लावत बसलीस आणि मी गप्प राहिलो."

नीन्केने आधी पिशवी उचलून घेतली. मग ती म्हणाली, "पहिलं मला माहीत होतं. पुस्तकातच कळलं."

मित्रांनो, मी थक्क झाले. वीबेही.

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलायचं? चूक तुमची, तोंड तुमचं. मी वाट बघत होते." तिने पिशवी छातीशी धरली. "डोक्याला कळलं तरी हाताला कळत नाही, बाबा. मी अजून मांजराचे दाणे मोजते." मग तिने नाक पुसले आणि आत्याकडे वळली. "स्पंजाचं मात्र माहीत नव्हतं. गरम पाण्याने धुतलास, आत्या?"

"उकळत्या," गेस्के एवढ्याशा आवाजात म्हणाली.

नीन्के हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग पिशवी कोटात घालून ती फ्रानेकरला निघाली. दुकानदाराने ते दोन मासे आपल्याकडे ठेवून घेतले.

दुपारी वीबे कुबड्या घेऊन, पेन खिशात घालून शौचालयात गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही. त्याच्यानंतर गेस्के गेली आणि बाहेर येऊन तिने मोठ्याने सांगितले म्हणून मला कळले. सप्टेंबरच्या पानावर लहान मुलीच्या अक्षरात तीन नावे होती, कॅप्टन, लोणी, बटण, आणि गेलेल्या माणसांपुढे काढतात तसे प्रत्येकापुढे एक बारीक क्रूस. त्यांच्याखाली वीबेने लिहिले होते, "घाई माझी होती. वीबे." घरात येणारा प्रत्येक पाहुणा आता ते वाचणार होता. त्या गावात याहून जाहीर कबुली असूच शकत नाही.

सतरा दिवसांनी दोन्ही नळ्या सलग तीन दिवस स्वच्छ आल्या आणि ते दोन मासे माझ्यात उतरले. वीबे आता एका काठीवर चालत होता. नीन्केने खाण्याची डबी उघडली, एक चिमूट घेतली, थोडी थांबली, आणि मोजल्याशिवाय टाकली. कॉफीबरोबर तिने त्या दिवशी अख्खे बिस्किट खाल्ले.

मित्रांनो, कोणाही जिवाला घरी आणण्याआधी त्याचे घर तयार होऊ द्या. नुसते पाणी दिसते तिथेही कोणीतरी वस्ती करत असते, त्यांना वेळ द्या. आणि तुमच्या घाईने एखादा जीव गेलाच, तर त्याचा दोष घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या ओंजळीत टाकू नका. टाकला असेल, तर उचलून परत घ्या. मी काच आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.