माठातले चिंचोके

मी एक जुना माठ आहे आणि, मित्रांनो, स्वभावाने संशयी आहे. मातीच्या भांड्याला माणसावर चटकन भरवसा ठेवणं परवडत नाही.

तिसगावच्या बाजारातून पुंजारामने मला घरी आणलं, तेव्हा मात्र मी हुरळून गेलो होतो. त्याची बायको छबूबाई माझ्या पोटाला ओलं फडकं गुंडाळायची. पाणी प्यायलेला पाहुणा "काय गार हाय!" म्हणाला की मी फुगायचो. पण पुंजाराम म्हणजे जमदग्नीचा अवतार. भाकरी करपली की ताट उडायचं. एके दिवशी तांब्या उडाला, तो छबूबाईच्या कपाळाला लागून माझ्यावर आदळला. तिला खोक पडली, मला चीर गेली.

ती पदराने कपाळ दाबत म्हणाली, "आता एक जरी भांडं उडालं, तर पोरीला घिऊन कोल्हारला माहेरी जाईन. पुन्ना तोंड बघनार न्हाई."

पुंजारामने कानिफनाथाची आण घेतली. अशा आणा त्याने आधीही घेतल्या होत्या, त्यामुळे छबूबाईने मान वळवली. मीही गळका म्हणून कोपऱ्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हळूच माझ्यापाशी आला. एक चिंचोका आत टाकून पुटपुटला, "आजचा राग गिळला." मी म्हटलं, जित्याची खोड आहे, चार दिवस टाकील! पण तो टाकतच राहिला. ज्या दिवशी भडकायचा, त्या दिवशी येत नसे. मी टपूनच होतो. एकदा बांधावरून शेजारच्या रंगनाथला शिव्या घालून आला, तरी मुठीत चिंचोका घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. आता हा लबाडी करणार, अशी माझी खात्री झाली. बराच वेळ तो तसाच उभा होता, मग मूठ न उघडता परत गेला. मला ते फार आवडलं, पण मी मनातही कबूल केलं नाही.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घरात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी, तीही अर्धपोटी. आणि हा माणूस रोज कोपऱ्यात वाकून काय करतो, हा संशय आता छबूबाईलाही आला. एकदा कामावरून ती आधी परतली आणि तिने माझ्यात हात घातला. चिंचोके! त्या दिवसांत चिंचोके म्हणजे खाणंच होतं. तिने ते खापरावर भाजले, सालं काढून लेकीला, बनूला दिले.

पुंजाराम आला तशी ती कडाडली, "पोरगी उपाशी निजती, अन् तुमी खायाचं दडवून ठिवता?"

त्याने माझ्यात डोकावून पाहिलं. आत काहीच नव्हतं. त्याची कानशिलं लाल झाली आणि त्याने मला दोन्ही हातांनी वर उचललं. छबूबाईने बनूला मागे ओढलं. संपलो, मी म्हटलं. आपला संशय खरा ठरतोय, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मग त्याने मला अलगद खाली ठेवलं आणि तो मटकन बसला.

"खायाचं नव्हतं गं त्ये. ज्या दिशी राग गिळला, त्या दिशीचा येक. लई झाल्ते."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"आन घेतली तवा कुठं इस्वास ठिवलास?"

बनूच्या तळहातावर शेवटचा भाजका चिंचोका उरला होता. तो छबूबाईने उचलला आणि स्वतःच्या हाताने माझ्यात टाकला.

"ह्यो आजचा," ती म्हणाली.

मित्रांनो, पुंजाराम अजून चिंचोके टाकतो आणि मी अजून टपून बसतो. स्वभावाला औषध नाही. पण कुणी स्वतःला सुधारू पाहत असेल, तर संशय खुशाल घ्या, फक्त त्याचा माठ रिकामा करण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि मला उचललंत तर जपून उचला. मला पाणी धरवत नाही, पण तो भाजका चिंचोका मी तळाशी धरून ठेवला आहे.