चार वाजताचा चहा

माझ्या पोटात दुखायला लागलं ते शिवणवालीच्या चहामुळे. तेव्हा तर मी तो प्यालेही नव्हते.

आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर लोकांची घड्याळं. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गाळ्यात एक शिवणवाली आली. रोज चार वाजता ती स्टोव्हवर चहा करते आणि मधल्या दारातून ह्यांना हाक मारते. हे मला ह्यांनीच सांगितलं, अगदी साळसूदपणे. वर म्हणाले, "मसाल्याचा करते. छान असतो."

छान असतो! बावीस वर्षं माझा चहा पितायत, एकदा तोंडातून "छान" निघालं नाही. आणि माझा चहा म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. वेलदोडे मी साखरेबरोबर कुटते, म्हणजे सालाचीही पूड होते. सुंठ वेगळी, दालचिनी वेगळी, लवंगा मोजून दोन, जायफळ किसणीवर नुसतं फिरवल्यासारखं करायचं. सहा वाजता हे घरी आले की आम्ही दोघं खिडकीशी बसतो. मी दिवसभराचं सगळं सांगते, हे ऐकतात. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हापासून दिवसभर माझा जीव त्या सहाच्या चहात अडकलेला असतो. आणि हल्ली हे अर्धा कप तसाच ठेवून उठायला लागले. "चारला झालाय गं माझा."

मी काय अशी हार मानणार होते? मिरी टाकली, आलं किसून घातलं, बडीशेप घातली, एकदा तर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेलं केशर घातलं. एक घोट घेऊन हे विचारतात, "काय गं, औषध आहे का हे?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मंगळवारी ठरवलं, सोक्षमोक्षच लावते. मापाचा ब्लाउज आणि कापड पिशवीत कोंबलं आणि चारला पाच कमी असताना तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

मला वाटलं होतं, असेल कुणीतरी नटवी. निघाली पन्नाशीची, गळ्यात टेप, केसांत दोऱ्यांचे तुकडे. "या वहिनी, बसा." मी वहिनी, म्हणजे हे दादा. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

हे मधल्या दारातून आले, "अरे, तू कशी?" म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. न बघता बसले, म्हणजे ते रोजचं होतं. तिने कप हातात दिला. मी घोट घेतला.

अगं आई गं, काय तो चहा! वेलदोडे नुसते चेचून टाकलेले, लवंगांनी जीभ बधिर, दूध कच्चं, साखर सगळी तळाशी. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. जिंकले! मग ह्यांच्याकडे बघितलं, तर हे शेवटच्या थेंबापर्यंत पीत होते. माझा आनंद तिथेच आटला. चहा चांगला असता तर बरं झालं असतं हो. चांगला चहा मी शिकून तरी घेतला असता.

"मग त्या घड्याळाचं काय निघालं, दादा?" तिने मशीनवरचा पाय काढला.

आणि हे बोलायला लागले. भिंतीवरचं एक घड्याळ रोज दोन वाजून अकरा मिनिटांनी बंद पडायचं. तीनदा उघडलं, काही सापडेना. शेवटी कळलं, तबकडी नेमकी त्या जागी फुगलेली, तिथे आला की छोटा काटा उचलला जायचा आणि मोठ्याला अडवायचा. दोन्ही हातांचे काटे करून दाखवत होते. मध्येच एका शब्दाला अडले. ती थांबून राहिली. मी असते तर शब्द पुरवला असता, आणि वर माझ्या भाचीच्या घड्याळाची गोष्ट जोडून दिली असती. बावीस वर्षांत ह्यांना असं हात हलवून बोलताना मी बघितलं नव्हतं. असा जळफळाट झाला माझा! ती नटवी असती तरी इतका झाला नसता.

संध्याकाळी सहाला माझा नेहमीचा चहा केला, खिडकीशी बसले आणि तोंड मिटून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या भांडणाची बातमी अगदी ओठांवर आली होती, ती गिळली.

"बरं नाही का तुला?" ह्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? आज तुम्ही सांगा. त्या घड्याळाचं सांगा ना."

"ऐकलंस की दुपारी."

"मग दुसरं काहीतरी."

ह्यांनी खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. "नाही गं. होतं ते सगळं सांगून झालं."

मग माझं तोंड बघून बिचाऱ्यांनी कप उचलला आणि सगळा चहा संपवला. "छान झालाय," म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी नुसती मान हलवली. उद्या चार वाजता हे तिला काय सांगतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.