प्रॉम्प्टरबाईंच्या घशाची कोरड

अंधाऱ्या विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगायची, हे काम प्रॉम्प्टरबाई तीस वर्षं करत होत्या. वय चौसष्ट. पहिला अंक सव्वा तासाचा, आणि तेवढा वेळ खुर्ची सोडायची सोय नाही.

दोन वर्षांपासून शिंकलं, खोकलं की त्यांना थोडी लघवी व्हायची. हे सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं? त्यांनी परस्पर उपाय काढला : प्रयोगाच्या दिवशी जेवणानंतर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

एका प्रयोगात न्यायाधीश झालेले म्हातारे नट ऐन निकालाच्या वाक्यावर अडले आणि आशेनं विंगेकडे बघू लागले. बाईंनी तोंड उघडलं, पण घशाला अशी कोरड पडली होती की आवाजच फुटेना. फुटला तो खोकला, आणि खोकल्याबरोबर कपडे ओले झाले. म्हाताऱ्यांनी पदरचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

"बाई, झेपत नसेल तर सांगा," दिग्दर्शक नंतर म्हणाले. बोलले हळूच, पण बाईंच्या जिव्हारी लागलं.

रंगपटातल्या बेसिनवर त्या पँट धूत होत्या, तेवढ्यात कपडेपट सांभाळणाऱ्या ताई आत आल्या. कॉलरला कायम सुई टोचलेली, म्हणून सगळे त्यांना सुईताई म्हणत.

"शाई सांडली," बाई घाईनं म्हणाल्या.

"काळ्या पँटवर?" सुईताईंनी दाराला कडी घातली. "बाई, तिसऱ्या बाळंतपणानंतर माझंही हेच झालं होतं."

बाईंना रडू फुटलं. "वय झालं माझं, दुसरं काय!"

"सगळं वयाच्या माथी मारू नका. व्यायाम असतो याला."

डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती नातीच्या वयाची, पण बोलायला मोकळी. "लघवी आणि पोटातला वारा एकदम अडवताना जे स्नायू आवळतो, ते आत, वर ओढायचे. पाच आकडे धरायचे, पाच आकडे सैल सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवीला बसल्यावर मात्र नको. आणि पाणी प्या, आजी. कमी प्यायलात तर मूत्राशय जास्तच कुरकुरतं."

बाई नेमानं करू लागल्या, तालमीत खुर्चीवर बसूनसुद्धा. महिना गेला, फरक शून्य. एक दिवस म्हातारे नट अवघडून जवळ आले. "बाई, माझं काही चुकतंय का? हल्ली तुम्ही विंगेतून माझ्याकडे दातओठ खाऊन बघता."

बाईंनी ते फिजिओथेरपिस्टला सांगितलं. तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि हसली. "श्वास रोखताय, पोटही आवळताय. चेहऱ्याला तर यात काही कामच नाही!"

मग पुन्हा श्रीगणेशा. घरी आडवं पडून, श्वास चालू ठेवून, पोट सैल सोडून. कंटाळा आला की सुईताई फोनवरून दामटायच्या.

तिसरा महिना संपत आला होता. नाट्यगृहाचा जिना चढताना नाकात हुळहुळलं. शिकवल्याप्रमाणे बाईंनी आधी स्नायू आवळले आणि मग शिंकल्या. जिन्यावरच थांबल्या. मग तशाच कपडेपटात गेल्या.

"शिंकले!"

"मग?"

"मग काही नाही!"

दोघी खुर्च्यांचे हात धरून हसल्या.

त्रास अगदी मुळापासून गेला नव्हता. जोराच्या खोकल्याला अजून भरवसा नसायचा. पण त्या पोटभर पाणी पिऊन कामाला बसू लागल्या. एके दिवशी त्या स्वतःहून दिग्दर्शकांकडे गेल्या आणि त्या प्रयोगात आवाज का गेला होता आणि व्यायाम कुणी शिकवला ते सरळ सांगून टाकलं. "माझी खुर्ची दाराजवळच्या विंगेत हवी, म्हणजे गरज पडली तर पटकन जाऊन येता येईल. बाकी मला सगळं झेपतं."

दिग्दर्शकांनी वहीत टिपून घेतलं. "उद्यापासून हलवतो," म्हणाले. मग आवाज उतरवून, "माझ्या आईनं वर्षभर बाहेर जाणंच सोडलंय. विचारलं की म्हणते, गुडघे दुखतात. पण ती सारखे कपडे बदलत असते. त्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता मिळेल?"

"पत्ता कशाला, मीच घेऊन जाते त्यांना," बाई म्हणाल्या. "आधी मला त्यांच्याकडे चहाला बोलवा. आणि तुम्ही मात्र त्या वेळी घरात थांबू नका."