पाटीवर अळू

नव्या फुलाला नाव देण्याचा अधिकार ते फूल घडवणाऱ्याचा, असे आमच्या पुष्पप्रेमी मंडळाची घटना सांगते. घटना वाचण्यासाठी नसून चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्यासाठी असते, हे अध्यक्ष श्यामसुंदर यांनी गेल्या प्रदर्शनात सप्रमाण सिद्ध केले. माझ्या गच्चीवर जन्मलेली जांभळी आयरिस त्यांनी 'श्यामप्रभा' या नावाने व्यासपीठावर मांडली, आणि मंडळाच्या दप्तरी ती आता कायमची श्यामप्रभाच राहील.

"चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं जुनी माणसं म्हणतात!" ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले. सभागृह खळखळून हसले. पुण्यात कबुलीजबाबाला विनोद म्हणण्याची पद्धत आहे.

ते फूल वास्तविक माझेही नव्हते. नारायण पेठेत माझ्या खालच्या मजल्यावर आम्रपालीबाई राहतात. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर ठेवण्याचे काम त्या बारीक कुंचल्याने, श्वास रोखून करतात. माझ्याकडे गच्ची आणि ग्रंथ, त्यांच्याकडे हात. आयरिसला हिवाळा लागतो; पुण्याचा हिवाळा म्हणजे स्वेटर दाखवण्यापुरता. म्हणून आमचे कंद फ्रिजमध्ये कोथिंबिरीखाली मुक्काम करत आणि आले समजून चहात पडण्यापासून थोडक्यात वाचत.

यंदा त्यांच्या हातून दुसरी जात आली: राखाडी निळी, कडेला तांब्याची रेघ. मी ठरवले, हिचे नाव आम्रपाली.

"अहो, माझ्या नावाचा आंबा आधीच आहे बाजारात," त्या म्हणाल्या.

"आंबा तुम्ही घडवलेला नाही. हे फूल घडवलंय."

त्यांनी धुतलेला कुंचला पुन्हा एकदा धुतला.

प्रदर्शनाआधी मंडळ सभासदांच्या बागांना भेटी देते. अध्यक्षांच्या खांद्यावर अशा वेळी झोळी असते आणि झोळीत खुरपे. वर्षभर मी या गृहस्थांचा अभ्यास केला होता. एखाद्या पोथीचा करावा तसा, फक्त आदर वगळून. निष्कर्ष असा, की ते झाड पाहत नाहीत, पाटी वाचतात. निष्कर्षाला प्रयोगाची जोड हवी, असे आम्रपालीबाईंचे मत पडले.

म्हणून गच्चीच्या मधोमध आम्ही वाघोलीच्या रोपवाटिकेतून आणलेले, रस्त्याच्या दुभाजकावर लावतात ते आयरिसच्या कुळातले झुडूप ठेवले. पाटी लिहिली: 'नवीन संकर. कृपया हात लावू नये.' खरी कुंडी गेली पाण्याच्या टाकीशेजारी. तिच्यावर पाटी: 'अळू'.

अध्यक्ष आले. टाकीपाशी थबकले. समोर गुडघाभर उंचीची, तलवारीसारखी सरळ, ताठ पाने.

"वा, शर्मिलाताई, अळू काय माजलंय! फदफदं करता की वड्या?"

"वड्या. गुंडाळताना जरा कष्ट पडतात."

"दाण्याचं कूट घालत जा सढळ हातानं," असा सल्ला देऊन ते मधल्या कुंडीकडे वळले. आम्रपालीबाईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या जिन्यात जाऊन बराच वेळ खोकल्या.

मंडळी गेल्यावर मधल्या कुंडीत एक सुबक खड्डा होता.

प्रदर्शनासाठी सभागृह मीच सुचवले होते. व्यासपीठावर अध्यक्षांनी फिकट पिवळे, बुडाशी तपकिरी ठिपक्यांचे फूल मांडले आणि त्याच्या जन्मासाठी आपण केलेल्या तपश्चर्येचे वर्णन सुरू केले. नाव होते 'श्यामसुवर्णा'. दुभाजकावरच्या त्या फुलाचे आयुष्य एका दिवसाचे असते. तपश्चर्या हिमालयापर्यंत पोहोचली तेव्हा ते मिटू लागले होते. चिटणीस अभय यांनी लेखणी उघडली. नाव दप्तरात चढण्याच्या बेतात होते.

"थांबा," मी म्हणाले. "आधी आभार."

आभारप्रदर्शन मंडळाने माझ्याकडे कायमचे सोपवले आहे. आभार मानणारा माणूस काही बोलत नसतो, अशी समजूत आहे. मी परीक्षकांचे आभार मानले, मांडववाल्यांचे मानले, चहावाल्यांचे मानले.

"आणि शेवटी या सभागृहासमोरच्या दुभाजकाचे आभार. अध्यक्षांनी इतक्या कष्टानं घडवलेली जात त्यानं आधीच चौकापर्यंत ओळीनं फुलवून ठेवली आहे. खिडकीजवळच्यांनी पडदा सारावा."

पडदा सरला. हसू मागच्या रांगेतून निघाले आणि सावकाश पुढे आले. इथून जाताना अध्यक्षांना ती फुले रोज दिसत असणार, पण दुभाजकावर पाट्या नव्हत्या.

"अशक्य!" ते ओरडले. "त्या कुंडीवर स्वच्छ लिहिलं होतं, नवीन संकर!"

"कुणाच्या कुंडीवर, श्यामसुंदरराव?" परीक्षकांनी विचारले.

तेवढ्यात आम्रपालीबाईंनी खुर्चीमागून आपली कुंडी उचलून मेजावर ठेवली. निळे फूल पूर्ण उमलले होते.

"घडवलं कुणी?" अभय यांनी विचारले. मी बोट दाखवले. "मग नाव त्यांनीच सांगायचं."

आम्रपालीबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. "आम्रपाली," त्या म्हणाल्या.

"पण त्या नावाचा आंबा…" चिटणीस अडखळले.

"असू दे. लिहा."

त्यांनी लिहिले. गर्दी पांगल्यावर अध्यक्ष कुंडीजवळ आले, वाकले, आणि अजून न काढलेली 'अळू'ची पाटी त्यांनी चष्मा सारखा करून पुन्हा वाचली.

"म्हणजे ते अळू नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले. "पण खताला दाण्याची पेंड घातली होती. सढळ हातानं. आपला सल्ला कसा मोडायचा?"