खालच्या फोनची तार

शंतनु नागपूरहून बंगळूरला नोकरीला आला ते अठ्ठ्याण्णव साल. महादेवपुऱ्यात भगवंतरावांच्या घरी वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राही. ते आणि त्यांच्या पत्नी रत्नाबाई पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, म्हणून तिथल्या रीतीनं तो त्यांना अण्णा-अक्का म्हणे. त्यानं संगणक घेतला तेव्हा अण्णांनी आपल्याच फोनची तार वर ओढू दिली. वर फोन नव्हता, नुसता मोडेम.

पण इंटरनेट टिकेना. जोडलं की थोड्या वेळात तुटे. त्यानं केबल बदलली, मोडेमचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, काही उपयोग नाही. शेवटी इंटरनेट कंपनीच्या बाईंनी विचारलं, त्याच लाइनवर दुसरा फोन आहे का? कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन जाणारच. मग त्याच्या ध्यानात आलं. खाली अक्का सारख्या रिसीव्हर उचलून कानाला लावत. का, ते त्यानं विचारलं नाही. शनिवारी ऑफिसचं काम पाठवायचं होतं, तेव्हा जिन्यातल्या जोडणीच्या डबीतून त्यानं गुपचूप खालच्या फोनची तार सोडवली. काम नीट पोचलं. त्याच आनंदात तो मित्रांबरोबर कूर्गला निघाला, आणि तार जोडायची राहिली.

सोमवारी संध्याकाळी परतला तर अण्णा दारातच उभे. फोन बंद पडलाय, तक्रार देऊनही कुणी फिरकलं नाही, तुला यातलं कळतं तर स्वल्प बघ, म्हणाले. शंतनुला डबीतली सुटलेली तार आठवली. मान खाली घालून त्यानं तार जोडली. अक्कांनी कौतुकानं त्याच्यापुढे चिरोटी ठेवली.

ती खाताना अक्कांच्या बोलण्यातून त्याला सारं कळलं. त्यांची मुलगी दिव्यश्री म्हैसूरला नोकरीला होती. तिनं पसंत केलेला मुलगा परजातीचा, म्हणून अक्का तिला नको ते बोलल्या होत्या. ती रागानं हॉस्टेल सोडून गेली, नवा नंबरही दिला नाही. आता अक्कांचं मन वळलं होतं. तिचा फोन आला की हो म्हणायचं, म्हणून फोन चालू आहे ना, ते त्या सारख्या बघत होत्या.

शंतनुनं ताटली बाजूला ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. दिव्यश्रीच होती.

"सकाळीच झालं लग्न? रजिस्टर?" अक्का खुर्चीत बसल्या. "अगं, फोन बंद होता. खोटं कशाला बोलू?"

पलीकडे ती मानत नव्हती. दोन दिवस घंटी वाजत होती, तुम्हीच उचलला नाहीत, असं म्हणत होती. अण्णा भिंतीकडे बघत उभे होते. शंतनु गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो उठला आणि त्यानं अक्कांकडे रिसीव्हर मागितला.

"मी वरचा भाडेकरू. माझ्या इंटरनेटसाठी तार मीच काढली होती. घंटी तुम्हाला ऐकू येत असेल, इथं वाजत नव्हती. आई खोटं बोलत नाहीत."

मग ती म्हणाली, "आईला द्या."

दुसऱ्या दिवशी अण्णा-अक्का म्हैसूरला निघाले. शंतनु बॅग घ्यायला पुढं झाला तर अण्णांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. अक्का मात्र फाटकाशी थांबल्या.

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण अक्षता टाकायच्या राहिल्या रे."

रिक्षा वळेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.