दहावा रकाना

मास्तरांनी चहा केला, कपात ओतला, खुर्चीवर बसले आणि कपाला न शिवता हात मांडीवर ठेवले. चहावर साय धरली. समोर मी, मांडीवर फॉर्म.

मास्तर म्हणजे शिंपी. पाय मोडला म्हणून पुतण्याने शुश्रूषागृहात आणून टाकलं. हाड तीन महिन्यांत जुळलं, मास्तर सहा वर्षं तिथेच. का? कुणाला विचारा, खांदे उडवतात. अशांना परत चारचौघांत, स्वतःच्या खोलीत राहायला पाठवणं हे माझं काम. आधी त्या खोलीत आठ दिवस चाचणी. आज शेवटचा दिवस. दहा रकाने, प्रत्येकात दोनच उत्तरं : 'स्वतः केलं' किंवा 'सांगावं लागलं'. नऊ झाले होते, सगळे 'स्वतः'. दहावा, चहा करून पिण्याचा, चुकला तर खोली दुसऱ्याला आणि मास्तर परत खाटेवर. मी काही सुचवायचं नाही, असा नियम. तो करणाऱ्याला महिनाभर त्या खाटेवर निजवला पाहिजे.

"काय झालं, मास्तर?" राहवेना म्हणून मी विचारलंच.

"मोजा ना, बाई."

"काय मोजू?"

"माणसं. मोजणी झाल्याशिवाय तिथली मेट्रन कपाला हात लावू देत नसे."

"इथे तुम्ही एकटेच आहात."

"ते दिसतंय मला. मी काय खुळा आहे?"

मग कोण खुळं? मी? माझं डोकंच चालेना. तणतणत उठले, पातेल्यातला उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला आणि उभ्याउभ्या प्यायले. माझ्याकडे बघत मास्तरांनीही कप तोंडाला लावला.

"साखर बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग तोंड का असं कडू?"

मी 'स्वतः केलं'वर खूण ओढली. कुणाच्या बापाचं काय जातंय? सहीसाठी कागद पुढे केला, तर यांनी अंगठा पुढे केला.

"अहो, तुम्हाला लिहिता येतं की!"

"तिथे अंगठाच घ्यायचे. वेळ वाचतो म्हणे."

मी पेन हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून सगळं वाचलं. दहाव्या रकान्यापाशी थांबले. माझी खूण खोडली, 'सांगावं लागलं'वर दुसरी केली आणि खाली सही ठोकली.

"हे काय केलंत? परत जायचंय तिथे?"

"मेलो तरी नाही."

"मग?"

"तुमचं बघून प्यायलो मी. खोटं कशाला लिहिता?"

त्यांना मिठी मारावी की चार शिव्या हासडाव्यात, कळेना. नवा फॉर्म भरता आला असता. पण मग त्यांच्या सहीचं काय करू? या माणसाला एकटं राहता येत नाही, असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं : 'शेवटची खूण रहिवाशाने स्वतः बदलली. कुणीही सांगितलं नव्हतं.'

शेरे आमच्या कचेरीत कोणी वाचतं का, ठाऊक नाही.